धाकट्याचा नवस

"नवस राहिलाय माझा," अण्णा म्हणाले, आणि आईच्या हातातलं लाटणं पोळीवरच थांबलं.

गणपती बसायचे दिवस होते. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन इंदिरानगरच्या घरी बसले आणि दोनेक वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग समोरच्या बिऱ्हाडाचं आडनाव. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं की व्हायचंच, असं डॉक्टरांच्याही आधी आम्हीच ठरवून टाकलं होतं.

"कसला नवस?" मी विचारलं.

"अगं, धाकट्याचा! दवाखान्यात बोललो नव्हतो का? पोरगं धडधाकट घरी आलं आणि मी गाढव विसरूनच गेलो बघ. देवी काय म्हणेल?"

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो धडधाकट घरी आला नव्हता. दहाएक वर्षांपूर्वी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अण्णांनी दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन गडाच्या दिशेला हात जोडले होते. गड म्हटलं की आमच्याकडे सप्तशृंगीचाच, दुसरा विचारायचं कारण नाही. पोरगा उठून घरी येऊ दे, मी घरापासून सायकलवर येईन, आणि पायथ्याच्या नांदुरीपासून वर पहिल्या पायरीपर्यंत पाय टेकणार नाही, असं ते बोलले. खाली आल्यावर आईला आणि मला सांगितलं. नवस पोटात ठेवायचा नसतो, घरात सांगून ठेवायचा, म्हणजे आपण मागेपुढे झालो तर रक्ताचं दुसरं कुणी फेडतं, ही आमच्या घरची रीत.

पोरगा उठला नाही. मग नवस कसला आणि फेडणं कसलं? अण्णांनी सायकल मागच्या बोळात भिंतीला टेकवली, तिच्यावर जुनी सतरंजी टाकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. आधी दर वर्षी नवरात्रात कारखान्यातल्या मित्रांबरोबर सायकलवर गड करणारा हा माणूस! आईने तर देवीचं नावच टाकलं. ती तिला "ती बाई" म्हणायची. देव्हाऱ्यातला फोटो काढून कुणाला देऊन टाकला. गडावरून कुणी पेढा आणून दिला तर ती तो कामवालीच्या हातावर ठेवायची.

आणि आता अण्णांच्या डोक्यातून पोराचं जाणंच पुसलं गेलं होतं. नवस तेवढा राहिला होता. पोरगा वाचला आणि आपण देवीला फसवलं, ती आता त्याला परत नेणार, हे त्यांच्या मनाने घेतलं. संध्याकाळ झाली की ते फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. "आला का गं तो? अजून कसा नाही आला? रस्त्यात काही झालं नसेल ना?" तो आल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणायचे. ताट गार व्हायचं. आई काहीबाही सांगून चार घास घालायची, तेही रडत. म्हणजे दोघंही रडत.

खरं सांगून पाहिलं नाही असं नाही. मीच सांगितलं, मला तोंड आवरत नाही. "अण्णा, तो गेला हो, दहा वर्षं झाली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी जन्मात विसरणार नाही. मग ओरडले. त्या दिवशी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये जसे ओरडले होते तसेच, तोच आवाज. त्यांच्यासाठी तो त्या क्षणी गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "नवस राहिलाय माझा." त्यानंतर आणखी एकदा सांगून पाहिलं, पुन्हा तेच. आई म्हणाली, "खबरदार आता परत सांगशील तर. एकदा मेलाय तो. रोज रोज मारू नकोस."

तेव्हा मी म्हटलं, मग मी फेडते.

आई माझ्या अंगावरच आली. "काय फेडतेस? काय दिलंय तिने फेडायला? माझं लेकरू नेलं, आणि वर तिला नारळ वाढवायचा? डोकं फिरलंय का तुझं?"

"तिच्यासाठी नाही गं आई. ह्यांच्यासाठी."

"जायचं तर जा. पण तिथलं काही माझ्या घरात आणायचं नाही. अंगारा नाही, कुंकू नाही, काही नाही."

खरं सांगू, माझाही देवीवर आईइतकाच राग होता. मी शाळेत शिकवते. फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, आमच्या हेडसरांना विचारा. लग्न केलं नाही, ते का ते विचारू नका. भाऊ गेल्यावर आई-अण्णांपाशी राहिले ती राहिलेच. मनात म्हटलं, जाते आणि चांगली तोंडावर विचारते तिला. त्या गडावरच्या देवीची मान जराशी कललेली आहे, ती समोरच्या डोंगरावरच्या ऋषीचं म्हणणं ऐकते म्हणतात. ऐकते म्हणे! आमच्या वेळी कुठे गेले होते कान?

अण्णांना मी सांगितलं, "तुमचे गुडघे आता गेलेत. तुमच्या जागी मी जाते. रक्ताचं कुणीही चालतं ना?" "चालतं," म्हणाले. "पण सायकल हीच. आणि पाय टेकायचा नाही बघ."

सायकल बोळातून बाहेर काढली. गंजलेली, टायर सुकून भेगाळलेले, सीटच्या चामड्यावर बुरशी. आणि मग गंमत बघा, ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून अंगणात बसला आणि दोन-तीन दिवसांत त्याने ती सायकल पुरती खोलून पुन्हा जोडली. रॉकेलमध्ये बॉलबेअरिंग धुतले. चाक फिरवून आरे एकेक करून आवळले. मला दुकानात पाठवून मागचं फ्रीव्हील मोठ्या दातांचं आणवलं. "घाटात पायाला हलकं जाईल," म्हणाले. मध्येच वर बघून म्हणाले, "धाकट्याला हाक मार गं, पाना धरायला." मीच पाना धरला.

दिवाळी होईपर्यंत मी सराव केला. पहाटे पांडवलेणीच्या बाजूला, रविवारी त्र्यंबकच्या रस्त्याला. पस्तिशी उलटलेली बाई सलवार-कमीज घालून काळ्या दांडीच्या सायकलवर. कॉलनीतल्या बायकांना तेवढाच विषय. एकीने विचारलं, "वजन कमी करताय का?" मी म्हटलं, "नाही हो, पाप कमी करतेय." पुन्हा कुणी विचारलं नाही. मांड्या अशा भरून यायच्या की शाळेचा जिना चढताना कठडा धरायला लागायचा.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आधी, एका थंड सकाळी निघाले. आई उठली होती, पण दाराशी आली नाही. अण्णा फाटकापर्यंत आले, पुढचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. कॅरिअरला नारळ आणि ओटीचं सामान बांधलेलं होतं. "सावकाश," ते म्हणाले. "वणीला भेळ खाऊ नकोस. तो मागे ओकला होता."

तो ओकला होता, हे खरंच. चौथीत होता तेव्हा हट्ट करून अण्णांच्या मागे कॅरिअरवर बसून गेला होता, वणीला भेळ चापली आणि घाटात अण्णांच्या पाठीवर सगळी बाहेर. हे त्यांना आठवत होतं. बाकीचं कसं काय गेलं?

पंचवटी, म्हसरूळ मागे पडलं तसं गार वारं कानाला झोंबायला लागलं. दिंडोरीपर्यंत मी मजेत होते म्हटलं तरी चालेल. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, कुठे औषधाची फवारणी चाललेली, त्याचा वास. दिंडोरीत चहा घेतला. पुढे रस्ता जो वरखाली व्हायला लागला तो वणीपर्यंत. उन्हं तापली. सीट टोचायला लागली, तळहाताला फोड आले, आणि समोर डोंगरांची भिंत दिसायला लागली. भेळेच्या गाड्या उभ्या होत्या. मी केळी खाल्ली.

नांदुरीला मी शेवटचा पाय टेकला. पाणी प्यायले, ओढणी कमरेला करकचून बांधली, आणि वर बघितलं. रस्ता डोंगराच्या अंगाअंगाने वळत वर गेलेला. मोठ्याने म्हटलं, "आले गं बाई. आता बघते तुला." हॉटेलातला माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

घाटाचं काय सांगायचं? पहिल्या वळणानंतर दम लागला, दुसऱ्यानंतर वाटलं शक्यच नाही. बसून पॅडल जाईना म्हणून उभी राहिले, उभ्याने पोटऱ्या पेटल्या म्हणून बसले. रस्ता रिकामा असला की या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी तिरकी चढवायची, अण्णांनीच शिकवलं होतं. एका वळणावर वरून एसटी आली, मला बाहेरच्या कठड्याकडे सरकावं लागलं आणि सायकल जवळजवळ थांबली. हँडल लटलट हलायला लागलं. पाय आपोआप खाली जायला निघाला होता. मी किंचाळले, कुणावर ते माहीत नाही, आणि सगळं अंग त्या एका पॅडलवर टाकलं. गेली पुढे.

त्यानंतर गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी दिसली. ती चालत होती आणि मी सायकलवर होते, पण आमचा वेग एकच! बराच वेळ आम्ही बरोबरीने चाललो.

"येष्टी हाय की बाय, वर जायाला," ती म्हणाली.

"नवस आहे," मी कशीबशी म्हटलं.

"कुनाचा?"

"भावाचा. आजारी होता."

"मंग? बरा हाय ना आता?"

मला बोलायला दम नव्हता. दहा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणारे सगळे त्याच्या दहाव्याला येऊन गेलेले. मी म्हटलं, "हाय. बरा हाय."

"बास झालं मंग," म्हातारी म्हणाली आणि पायवाटेने वर निघून गेली.

मग मला जे रडू फुटलं! घाटात रडू नये माणसाने, श्वास पुरत नाही. नाक गळतंय, डोळ्यांपुढे रस्ता धूसर, आणि पाय थांबवायची सोय नाही. भावाला शिव्या घातल्या. मेल्या, तू असतास तर तू चढवली असतीस ही सायकल, मी कशाला मरायला आले असते? तो असता तर तिशीला टेकला असता, पोट सुटलं असतं, मोटारसायकल उडवत आला असता आणि माझ्या शेजारून हॉर्न मारत गेला असता. मला त्याचा इतका राग आला, इतकी आठवण आली, की पुढचा चढ कसा गेला ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या पायरीशी सायकलवरून उतरले तेव्हा पाय धरेनात. एका दुकानदाराने स्टूल दिलं. नंतर त्या सगळ्या पायऱ्या मी लहान मुलासारखी हाताने कठडा धरत चढले.

देवी समोर उभी होती. शेंदरी, अवाढव्य, अठरा हात पसरलेली, आणि मान खरंच कललेली. भांडायचं सगळं पाठ करून गेले होते. पुजाऱ्याने नारळ घेतला आणि विचारलं, "कोणाच्या नावाने?"

मी भावाचं नाव सांगितलं. घरी ते नाव कुणी घेत नव्हतं, तो आमचा "धाकटा" होता. किती वर्षांनी ते माझ्या तोंडून मोठ्याने निघालं आणि मलाच परकं वाटलं. पुजारी त्याचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला आणि शेवटी स्वच्छ मराठीत म्हणाला, "उदंड आयुष्य लाभो." माझ्या मागे रांग होती. मी म्हटलं, लाभो. दुसरं काय म्हणणार होते? पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. देवीला एवढंच म्हणाले की घे, हे तुझं झालं, आता माझ्या बापाच्या मानगुटीवरून उतर.

अर्धी वाटी खोबरं परत मिळालं. आईने बजावलं होतं, तरी ते मी ओढणीच्या टोकात बांधलं. अण्णांना पुरावा लागणार होता. सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि नाशिकपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा फाटकाकडे तोंड करून खुर्चीत. आत आईने ताटं घेतली होती.

"पाय टेकला?"

"नाही अण्णा."

"कुठेच नाही?"

"नांदुरी ते पायरी, कुठेच नाही. तुमची शप्पथ."

त्यांचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, चला, सगळं भरून पावलं. मी खोबरं काढलं, फोडून एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"आधी त्याला."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या तोंडात पहिला तुकडा. त्याने खाल्ल्याशिवाय नवस फिटत नाही. दहावीला माझ्यासाठी अण्णांनी नवस केला होता, तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ह्याच अंगणात मला उभं करून पहिला तुकडा भरवला होता, आणि धाकटा मध्येच हात घालत होता म्हणून त्याला चापट बसली होती. हे सगळं मला माहीत होतं. सायकलचं सगळं पाहिलं, घाटाचा सराव केला, फ्रीव्हील बदललं, आणि ही एवढी गोष्ट कशी डोक्यात आली नाही माझ्या? दोन महिने मी जिवंत माणसाचा नवस फेडायची तयारी करत होते.

"कुठाय तो?" अण्णांनी विचारलं.

सगळ्यांना फाडफाड उत्तरं देणारी मी. "बाहेर गेलाय," एवढंच म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या चूक कळली.

"मग येऊ दे. थांबतो मी." ते पुन्हा फाटकाकडे वळले. माझ्या हातातले खोबऱ्याचे तुकडे घेऊन ते मांडीवर धरून, पाठ ताठ करून बसले. रोजच्यासारखेच. रोजच्यापेक्षा वाईट, कारण आता त्यांना खात्री होती. सगळा घाट फुकट गेला होता. मी पायरीवर बसले आणि मला वाटलं, आता इथून कधी उठूच नये.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. तिची नजर त्या खोबऱ्यावर होती. मला वाटलं आता ती ते उचलून फेकणार.

ती बाहेर आली. "कशाला थांबताय?" म्हणाली. "मघाशीच आलाय तो, मागच्या दाराने. दमून आत पडलाय. आणा इकडे, मी भरवते."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग खोबरं दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं.

मी तिच्या मागोमाग गेले. आतल्या खोलीत त्याची कॉट अजून आहे, आम्ही तिच्यावर गाद्या रचून ठेवतो. आई त्या कॉटच्या कडेला बसली. दिवा लावला नाही. हातातल्या तुकड्यांकडे तिने थोडा वेळ पाहिलं. मग एक उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. गडावरचं खोबरं, दहा वर्षांनी. ती हळूहळू चावत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पुढे झाले तर तिने हाताने मला थांबवलं. एकेक करत सगळं खाल्लं. पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि बाहेर गेली.

"खाल्लं त्याने," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

"काय म्हणाला?"

"गोड आहे म्हणाला," आई म्हणाली. "आणि म्हणाला, आता अण्णांना जेवू दे."

अण्णा खुर्चीतून उठले, मोरीवर जाऊन हात धुतले आणि ताटावर येऊन बसले.